खाच किती खोल?



मी सुतार माणूस. हातात पटाशी असली म्हणजे मला बरं वाटतं. बोलायला उभं केलं की घाम फुटतो. पण गुरुजी म्हणाले, धंद्यातलं काही सांगा. म्हणून आज राउटर घेऊन आलो आहे.

माझे वडील पटाशीनं खाच पाडायचे. आधी खतावणीनं रेघ ओढायची. मग हातोडीचे ठोके. थोडं काढायचं, फळी बसवून बघायची, पुन्हा थोडं काढायचं. चूक झालीच तर एका ठोक्याची. राउटरचं तसं नाही, बरं का. त्याचं बिट मिनिटाला २०,००० च्या आसपास फेरे घेतं, कधी जास्तच. डोळा लवायच्या आत ते लाकडात उतरतं. किती उतरायचं, ते आपण आधी बांधून द्यायचं. बांधून देतो तो स्टॉपर.

माझ्या हातून एक फळी गेली, ती गोष्ट ऐका. गावातल्या एका म्हातारीनं कपाट करायला दिलं. लाकूड तिच्या बांधावरचं. नवऱ्यानं लावलेला साग, रीतसर परवानगी काढून तोडलेला. बाजूची फळी २० मिलिमीटर जाड. तीत कप्प्यांसाठी ८ मिलिमीटरच्या खाचा पाडायच्या होत्या. दोन खाचा झकास झाल्या. तिसरीला बिट आरपार गेलं! स्टॉपरचा स्क्रू मी नीट आवळलाच नव्हता. यंत्र थरथरतं, त्यानं तो ढिला झाला. मी वरून दाबलं आणि दांडी वर सरकली. म्हातारी आली. फळीवरून हात फिरवला. एक शब्द बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता हे यंत्र बघा. खाली बैठक आहे. तिच्यात दोन खांब आहेत. मोटार या खांबांवर खाली दाबता येते. मोटारीच्या बाजूला ही दांडी. तिच्या खाली, बैठकीवर, ही फिरती चकती. चकतीला उंच-सखल पायऱ्या आहेत. दांडी पायरीला टेकली की मोटार थांबते.

खोली कशी बांधायची? पहिल्यांदा प्लग काढा. बटण बंद आहे म्हणून भागत नाही, प्लगच काढा. राउटर फळीवर ठेवा. मोटार हळू दाबा. बिट लाकडाला नुसतं टेकलं पाहिजे. तिथंच कुलूप लावा, म्हणजे बाजूची मूठ आवळा. चकती फिरवून सगळ्यांत खालची पायरी दांडीखाली आणा. आता दांडी आणि पायरी यांच्यामध्ये जेवढी खोली हवी तेवढ्या जाडीची वस्तू ठेवा. दारात बिजागरी बसवायची असेल तर बिजागरीचं पानच ठेवा. मोजपट्टी नको, चष्मा नको. दांडी त्यावर टेकवा आणि स्क्रू गच्च आवळा. वस्तू काढून घ्या. जी फट उरली, तेवढंच बिट लाकडात जाईल.

मग वरच्या पायऱ्या कशाला? सांगतो. १२ मिलिमीटरची खाच एका दमात पाडू नये. बिट तापतं, लाकूड जळतं, यंत्र हातातून उसळतं. माझ्या यंत्राच्या पायऱ्यांत पाच-पाच मिलिमीटरचा फरक आहे. उंच पायरीवर २ मिलिमीटर निघतं, मधलीवर ७, खालचीवर पुरे १२. तुमच्या यंत्रात फरक वेगळा असेल, मोजून घ्या. छोट्या ट्रिमरला मात्र पायऱ्या नसतात. त्याची बैठकच वरखाली करून बांधावी लागते आणि दर फेरीला पुन्हा बांधावी लागते. कंटाळवाणं काम, पण करावं लागतं.

खाच उथळ झाली तर आधी पायरीवर बघा. तिथं भुसा साचतो आणि दांडी वरच अडते. बैठकीखाली भुसा आला तरी तेच होतं. फुंकर मारू नका, डोळ्यांत जातो. ब्रशनं झटका. खाच जास्त खोल झाली तर दोन ठिकाणी बघा. एक, स्टॉपरचा स्क्रू. दुसरं, बिट धरणारी पकड, म्हणजे कोलेट. ती ढिली असली तर बिट खाली सरकतं. मग स्टॉपर कितीही पक्का असो, उपयोग नाही.

आणि हो, खरी फळी लावण्याआधी त्याच जाडीच्या तुकड्यावर एक खाच पाडा. ती मोजा. त्या दिवशी मी तुकड्यावर पाडली होती, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या खाचेनंतर स्क्रूला हात लावून बघितलं नाही. आता दर खाचेआधी बघतो.

म्हातारीच्या कपाटाचं काय झालं, असं मागून कोणी विचारलं. त्याच सागाचा उरलेला तुकडा घेतला, रेषा जुळवल्या आणि भोकावर ठिगळ बसवलं. ती बाजू भिंतीकडे आहे. तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.

चला, चष्मे लावा. तोंडाला फडकं बांधा. ही जुनी फळी आहे. पहिली खाच कोण पाडतो?