स्वयंपाकघराचे मोजमाप व आराखडा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनासाठी भाषण)



पनवेल तालुक्यातील उलवे हे एके काळी भातशेतीचे आणि खाडीकाठचे गाव होते. नवी मुंबई विमानतळासाठी ज्या १० गावांना आपली जागा सोडावी लागली, त्यांत उलव्याचाही समावेश होता. तेथील टेकडी कापण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. उलव्याचेच नाव धारण करणारी नवी वसाहतही शेजारी उभी राहिली. अशा ठिकाणी कोणी जुने घर सोडून नव्यात जातो, तर कोणी मिळालेल्या घरातील ओटा, मोरी व मांडणी आपल्या सोयीप्रमाणे बदलून घेतो. अशा वेळी गवंडी माप घेतो, सुतार माप घेतो. परंतु जिला त्या स्वयंपाकघरात नित्य उभे राहावयाचे असते, तिच्या हाती मापाचा कागद क्वचितच असतो. तो कागद तिच्या घरातील पाचवी-सहावीचे मूल तयार करू शकेल काय, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

शिक्षणाची जीवनाशी सांगड घालावी, हा विचार १९३७ सालच्या वर्धा परिषदेपासून शिक्षकवर्गाच्या परिचयाचा आहे. लांबी, प्रमाण, काटकोन व क्षेत्रफळ हे सर्व घटक स्वयंपाकघराच्या चार भिंतींत एकत्र भेटतात. मात्र पाठाचा आरंभ कोणाही विद्यार्थ्याच्या घरापासून करू नये. कोणाचे घर मोठे, तर कोणाची एकच खोली. त्यांची तुलना फळ्यावर होणे योग्य नव्हे. शाळेतील पोषण आहाराची स्वयंपाकखोली सर्वांची असते. चूल वा शेगडी बंद असताना, स्वयंपाक करणाऱ्या ताईंची संमती घेऊन, प्रथम तीच मोजावी.

माप घेण्यापूर्वी मुलांनी खोलीचे कच्चे रेखाटन हाताने करावे. त्यात दार, खिडकी, नळ, मोरी, विजेचे बटण व शेगडी यांच्या जागा दाखवाव्यात. दार कोणत्या बाजूस उघडते हेही दाखवावे. त्यानंतर फीत हाती घ्यावी. फितीचे टोक झिजलेले असल्यास १० सें.मी.च्या खुणेपासून मोजून शेवटी १० वजा करावेत. एकाने फीत धरावी, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचावा व तिसऱ्याने तो पुन्हा उच्चारून लिहावा.

भिंतीचे तुकडे मोजल्यावर त्यांची बेरीज पूर्ण भिंतीशी ताडून पाहावी. समजा, कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत ४५ सें.मी., खिडकी ९० सें.मी. आणि पुढील भिंत १६५ सें.मी. आहे. बेरीज ३०० आली पाहिजे. ती २९८ आली, तर कोठे तरी चूक आहे. अंदाजाने आकडा जुळवून न घेता पुन्हा मोजावे. भिंती सरळ दिसतात, पण नेहमी सरळ असतातच असे नाही. म्हणून तीच रुंदी जमिनीलगत, ओट्याच्या पातळीवर व त्याहून वर अशी तीनदा घ्यावी. २४०, २३९ व २३७ सें.मी. अशी मापे आली, तर दोन भिंतींमध्ये बसवावयाची मांडणी २३७ पेक्षा मोठी करून चालणार नाही.

खोली काटकोनात आहे की नाही, हे कर्णावरून कळते. ३ मीटर लांब व २ मीटर ४० सें.मी. रुंद खोलीचा कर्ण सुमारे ३ मीटर ८४ सें.मी. भरतो. दोन्ही कर्ण सारखे नसतील, तर कोपरे काटकोनी नाहीत. एकेक कोपरा तपासण्यास गवंड्याची युक्ती सोपी आहे : एका भिंतीवर ६० सें.मी. व दुसरीवर ८० सें.मी. खूण केली असता त्या खुणांमधील अंतर १०० सें.मी. आले पाहिजे. गुण्या आणि ओळंबा पाहण्यासाठी गावातील गवंड्यासच वर्गात बोलवावे. मुलांना पायथागोरसचा सिद्धांत त्याच्या हातात दिसेल.

एकक लिहिण्याविषयी विशेष दक्षता हवी. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. तरीही बांधकामावर फूट, इंच आणि सूत ही भाषा आजही चालते. १० फूट म्हणजे ३०४.८ सें.मी. ‘दहा फूट म्हणजे तीन मीटरच’ असे समजून काम सांगितले, तर जवळजवळ ५ सें.मी.चा घोटाळा होतो. कागदावरची चूक खोडरबराने जाते. कडाप्पा एकदा आखूड कापला गेला की तो वाढत नाही, आणि त्याचे पैसे त्या कुटुंबासच भरावे लागतात.

पक्का आराखडा चौकटीच्या वहीत १:२० या प्रमाणात काढावा. वरील खोली कागदावर १५ सें.मी. बाय १२ सें.मी. होईल. ओटा, फडताळ व पाण्याचे पिंप यांचे त्याच प्रमाणात कागदी तुकडे कापून ते आराखड्यावर हलवून पाहावेत. दार उघडल्यावर पिंपास लागते काय? मोरीपासून शेगडीपर्यंत किती पावले पडतात? असाच विचार करून १९२६ साली मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार महिलेने जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले होते. गृहिणीची पावले व श्रम वाचावेत, हा तिचा हेतू होता.

सर्वांत महत्त्वाचे माप मात्र भिंतीचे नव्हे. ओटा बहुधा ८० ते ८५ सें.मी. उंच बांधतात, पण स्वयंपाक करणारी बाई ठेंगणी असेल, तर तिला दररोज खांदे उचलून काम करावे लागते, उंच असेल, तर वाकावे लागते. मुलाने आईस किंवा आजीस सरळ उभे करून जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. ओटा त्याहून सुमारे १० सें.मी. खाली असावा, तांदळाच्या भाकरीची उकड मळण्यास हातावर भार द्यावा लागतो, त्यासाठी आणखी किंचित खाली चालेल. आणि मोजताना तिला एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘आई, तुला कोठे अडचण होते?’ तिचे उत्तर आराखड्याच्या कडेला, मापाइतक्याच काळजीने लिहावे.

घरचा आराखडा ऐच्छिक ठेवावा व तो घरीच राहू द्यावा. गुरुजींनी केवळ रीत तपासावी. पुढे गवंडी दारी येईल, तेव्हा त्या माउलीच्या हाती स्वतःच्या लेकराने काढलेला कागद असेल, आणि ओटा किती उंच हवा हे ती त्याला आकड्यात सांगू शकेल. गणिताच्या तासाने एवढे साधले, तरी तो सार्थकी लागला असे म्हणावे.