गावचा लोहार आणि प्राचीन लोखंड

वर्गात लोहयुगाचा पाठ चालू असताना बाहेरून ऐरणीवर घण पडल्याचा आवाज येई आणि मुलांचे लक्ष उडते म्हणून मी खिडकी लावून घेत असे. अशी खिडकी मी किती वेळा लावली असेल, याची गणती नाही. निवृत्तीनंतर एका वर्षी, पावसाळ्याच्या तोंडी, नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या धानोऱ्यास गाडीलोहारांचे एक बिऱ्हाड उतरले. विळ्यास पाणी देऊन घ्यावे म्हणून मी त्यांच्या भट्टीपाशी जाऊन बसलो. तेव्हा ध्यानात आले की, ज्या पाठासाठी मी खिडकी लावीत होतो, तो पाठ खिडकीबाहेरच चालला होता. आजचे हे भाषण त्या चुकीच्या प्रायश्चित्तादाखल समजावे.

आमच्याच जिल्ह्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे हे क्षेत्र आहे. तेथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. सर्वांत खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्ती आढळली, आणि तिच्या वरच्या थरांत लोखंड अवतरले. तिकडे विदर्भात महूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथील शिलावर्तुळांच्या परिसरात लोखंडी हत्यारे सापडली. नायकुंड येथे तर शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच हाती लागली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात.

परंतु लोखंड हा मोठा अभागी धातू आहे. सोने हजारो वर्षे मातीत राहूनही सोनेच राहते. लोखंडाचा मात्र गंज होतो. संशोधकाच्या हाती बहुधा एक फुगलेला, तांबूस गोळा येतो. ही कुऱ्हाड कोणी, कशी घडविली, हे तो गोळा आपण होऊन सांगत नाही. म्हणून शहाणे संशोधक जिवंत लोहाराच्या भट्टीपाशी जाऊन बसतात.

तेथे काय दिसते? पहिली गोष्ट म्हणजे सावली. भर दुपारीही लोहार आपली भट्टी आडोशाला मांडतो. त्याच्यापाशी उष्णतामापक नसतो. तो लोखंडाचा रंग पाहतो. गडद तांबडा, नारिंगी, पिवळा, पांढरा, असा तो रंग चढत जातो, आणि प्रत्येक रंगाचे काम निराळे. दोन तुकडे एकजीव करावयाचे तर जवळजवळ पांढरा ताव लागतो. लख्ख उन्हात हे रंग ओळखू येत नाहीत. म्हणजे प्राचीन लोहाराचे कामाचे ठिकाण धुंडाळताना आडोसाही धुंडाळला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे जमीन. तापलेल्या लोखंडावर घाव पडला की काळे, पातळ पापुद्रे उडतात. मी घरून लोहचुंबक नेला आणि ऐरणीभोवतीच्या धुळीतून फिरविला, तो त्या पापुद्र्यांनी भरून गेला. चार पावले दूर सरताच जवळजवळ रिकामा आला. संशोधकही असेच करतात. जुन्या मातीत हे पापुद्रे जेथे दाट मिळतात, तेथे ऐरण होती असे अनुमान करता येते. लोहार निघून जातो, ऐरणही नेतो. पण झाडून टाकलेला कचरा साक्षीला उरतो.

तिसरी गोष्ट पाणी देण्याची. लालबुंद विळ्याची फक्त धार पाण्यात बुडवून लोहाराने ती वर काढली व दगडावर घासली. मागच्या भागातील उष्णता धारेकडे सरकू लागली, तसा तिच्यावर फिकट पिवळा, मग तपकिरी रंग चढत गेला. मनाजोगा रंग येताच विळा पुन्हा पाण्यात गेला. मी कारण विचारले, तेव्हा घण मारणारी त्याची बायको म्हणाली, “गुरुजी, पाणी जास्त झालं तर विळा तुटतो, कमी झालं तर वाकतो.” पोलादावरील एक मोठे प्रकरण तिने एका वाक्यात सांगितले. महूरझरी येथे सापडलेल्या एका छिणीची धातुशास्त्रीय तपासणी २०१० साली प्रसिद्ध झाली; ती छिणी पोलादी निघाली. छिणीला पोलाद का हवे, हे त्या बाईला निराळे सांगावे लागले नसते.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. आजचा लोहार खनिजापासून लोखंड काढीत नाही. मोटारीचे मोडके पाटे विकत आणून तो त्यांचे विळे करतो. पुष्कळ ठिकाणी भात्याच्या जागी हाताने फिरवावयाचा पंखा आला आहे. शुद्ध लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. जुन्या भट्टीत ती साधत नसे. तेथे कोळशाचा वायू खनिजातील प्राणवायू हिरावून घेई. बाराशे अंशांच्या आसपास मळ पातळ होऊन वाहे, आणि लोखंड स्पंजासारखे मागे राही. तो मळ म्हणजेच वैद्यांचा मंडूर. मग घणाखाली उरलेला मळ पिळून काढावयाचा. ही विद्या मध्य भारतातील अगारिया लोकांपाशी होती. व्हेरियर एल्विन यांनी त्यांच्यावर १९४२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या सह्याद्रीत महाबळेश्वराकडे धावड लोक हाच धंदा करीत. विलायती लोखंड स्वस्त झाले, कोळशाला लाकूड महागले, आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. तेव्हा आजचा लोहार म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचाच लोहार, असे समजणे भ्रममूलक ठरेल. प्रश्न त्याच्यापाशी शिकावा; उत्तर मातीत आणि प्रयोगशाळेत पडताळून पाहावे.

तथापि काही गोष्टी मातीत उरतच नाहीत. लोहार लहान हातोडीने ऐरणीवर टिचकी मारून जागा दाखवी आणि त्याच जागी बायकोचा घण पडे. दोघांत शब्दाची देवघेव नव्हती. तो ताल कोणत्या थरात सापडणार? घण बाईच्या हाती होता, हे गंजलेली कुऱ्हाड कशी सांगणार? त्यांचा मुलगा मात्र भट्टीकडे पाठ करून बसला होता. या धंद्यात आता पोट भरत नाही, असे बाप म्हणाला, आणि त्याला खोटे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मुलाने शिकावे, सुखी व्हावे. पण बापापाशी आहे ते त्याच्याबरोबर जाऊ नये, हे पाहणे तुमचे-माझे काम आहे.

श्रोतेहो, रस्त्याच्या कडेला असे बिऱ्हाड दिसले, तर विळीची घासाघीस करून लगेच निघू नका. मुलांना घेऊन घटकाभर थांबा. हत्यारांची नावे विचारा, लिहून घ्या. ताव कसा ओळखतात ते विचारा. आणि त्या वेळाचा मोबदला म्हणून विळीची किंमत तो सांगेल तीच द्या. मी विळ्याचे पैसे दिले, पण लावलेल्या खिडक्यांचे देणे अजून फिटलेले नाही.