कट म्हणजे कापणे, डाउन म्हणजे खाली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला पाच जणींत बोलते, तेवढेच माझे बोलणे. समोर माईक आला की जीभ टाळ्याला चिकटते. त्यातून चिटणीसबाईंनी विषय दिला तो ‘मी रोजचे इंग्रजी कशी शिकले’ हा. मी म्हटले, हा विषय शिकलेल्या बाईंना द्या, मी सातवी पास. त्या म्हणाल्या, “शिकलेल्या बाईला अडणे काय कळणार? तुम्हीच बोला.” तेव्हा उभी राहिले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

माझ्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू होत असे. २००० सालापासून आपल्या राज्यात ती पहिलीपासून आली. तोवर माझी पाटी कधीच फुटली होती. म्हणजे माझ्या वाट्याला इंग्रजीची वर्षे आली तीन. तेवढ्यात एबीसीडी, शे-दोनशे शब्द आणि ‘धिस इज अ कॅट’ एवढी पुंजी जमली. त्या पुंजीवर संसार चालला. तिकीट, टेबल, गॅस, कुकर हे शब्द तर आपण इंग्रजी म्हणून बोलतच नाही. मला वाटे, आपले काही अडत नाही.

अडले ते तीन वर्षांपूर्वी. सासूबाईंना हृदयाचा त्रास झाला. पाच दिवस दवाखान्यात होत्या. घरी सोडताना एक कागद हातात आला. डॉक्टरांनी भराभर सगळे सांगितले, थोडे मराठीत, थोडे इंग्रजीत, आणि विचारले, “समजले ना?” मागे माणसे खोळंबली होती. शेजारच्या खाटेवरची सून फोनवर चुरुचुरु इंग्रजी बोलत होती. मी मान हलवून ‘हो’ म्हटले. समजले नव्हते, पण लाज वाटली.

आमचे हे त्या आठवड्यात कामासाठी परगावी होते आणि लेक परीक्षेमुळे वसतिगृहात. रात्री एकटीने कागद उघडला. त्यावर एक ओळ होती, ‘कट डाउन ऑन सॉल्ट’. मला आनंदच झाला, कारण सगळे शब्द ओळखीचे! कट म्हणजे कापणे, डाउन म्हणजे खाली, ऑन म्हणजे वर, सॉल्ट म्हणजे मीठ. मी अर्थ लावला की वरचे मीठ बंद, म्हणजे पानात डावीकडे मीठ वाढायचे नाही. तेवढे मी कटाक्षाने पाळले. आमटीभाजी नेहमीसारखी, लोणचे नेहमीसारखे, पापड नेहमीसारखा. चहाबरोबर खारीसुद्धा.

बाराव्या दिवशी सासूबाईंच्या पायांवर सूज दिसू लागली. पंधराव्या रात्री त्यांना आडवे पडवेना; दम कोंडू लागला. रिक्षा करून पुन्हा दवाखाना. तिथे कळले, की मीठ अंगात पाणी धरून ठेवते आणि दुबळ्या हृदयाला ते पाणी पेलवत नाही. ‘कट डाउन’ म्हणजे एकंदरच कमी करणे, सगळीकडून. डॉक्टरांनी विचारले, “लोणचेपापड चालू होते का?” मी ‘हो’ म्हटले आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

सासूबाई सावरल्या. आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, पाहाच. पण त्या वेळी त्या एवढेच म्हणाल्या, “सूनबाई, तुला कळले नाही तर विचारायचेस की गं. मी तरी कुठे विचारले म्हणा.” ते वाक्य मला डॉक्टरांच्या कागदापेक्षा जास्त लागले.

लेक परीक्षा संपवून आली तेव्हा मी तिच्यावर चिडले. म्हटले, “ही कसली भाषा? शब्द येतात आणि अर्थ येत नाही!” ती हसली आणि म्हणाली, “आई, इंग्रजीत क्रियापदाला अप, डाउन, ऑन, ऑफ, आउट असे लहान शब्द चिकटतात आणि जोडीचा अर्थ अगदी वेगळा होतो. शब्द सुटे करून चालत नाही. आणि आपल्या मराठीत तरी वेगळे काय आहे?”

भगिनींनो, मी विचार करू लागले आणि माझे मलाच हसू आले. आपण फेरी मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, थापा मारतो. यात मार कोणालाच बसत नाही. मुलाला म्हणतो, ‘पोळी खाऊन टाक.’ त्यात टाकायचे काहीच नसते. उलट टाकली तर आपण रागावतो. बघण्याचेच घ्या. बाळाकडे बघ, वाट बघ, करून बघ, मुलगी बघायला आले, आणि नळावर भांडण झाले की ‘तुला बघून घेईन’! परदेशातली बाई मराठी शिकायला आली आणि तिने ‘बघून घेईन’चा अर्थ ‘पाहून मग विकत घेईन’ असा लावला, तर आपण तिला मूर्ख म्हणू का? मघाशी मी ‘सांभाळून घ्या’ म्हटले, त्यात तुम्ही घेणार काय होतात? हे आपल्याला कोणी शिकवले नाही. आपण प्रसंगासकट ऐकले आणि प्रसंगासकट लक्षात ठेवले. मग इंग्रजीही तशीच का शिकू नये?

त्या दिवसापासून दुधाच्या हिशेबाच्या जुन्या वहीची मागची पाने मी इंग्रजीला दिली. सुटा शब्द लिहायचा नाही, जोडी लिहायची. आणि खाली आपल्या घरातले वाक्य. आठवड्याला पाचच जोड्या. साखर संपली की डब्याकडे बघून म्हणायचे, ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’. माझ्या मनात साखर डबा सोडून पळून जाते, आणि ती पळते म्हणूनच शब्द लक्षात राहतो. ‘ईट अप’ म्हणजे आपले ‘खाऊन टाक’. ‘युज अप’ म्हणजे वापरून टाक. अशा ठिकाणी ‘अप’ने काम पुरते होते. ‘गो ऑन’, ‘कीप ऑन’ यांत काम चालू राहते, जसे आपले ‘करत राहा’. हा काही पक्का नियम नव्हे, पण वाटेवर धरायला कठडा आहे.

बघण्याच्या जोड्या तर मी एका पानावर मांडल्या. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, मी रोज चष्मा शोधते तसे. ‘लुक अप’ म्हणजे शब्दकोशात पाहणे. ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे. त्याखाली वाक्य लिहिले, ‘आय लुक आफ्टर माय मदर-इन-लॉ’. ते सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “आता खरे लिहिलेस.”

चुका खूप झाल्या. शाळेच्या सूचनेत पालकसभा ‘पुट ऑफ’ केल्याचे वाचले. दिवा ‘पुट ऑफ’ करतात म्हणजे विझवतात, तेव्हा सभाही विझली असे धरून मी पुढच्या शनिवारी गेलेच नाही. सभा पुढे ढकलली होती. रद्द केली असती तर ‘कॉल ऑफ’ लिहिले असते. धाकटा दोन दिवस बोलला नाही. पुढे त्यानेच मला एक खुबी दाखवली. ‘पुट ऑन युवर स्वेटर’ चालते, पण ‘तो’ म्हणायचे झाले की ‘पुट इट ऑन’, म्हणजे ‘इट’ मध्ये बसते. ‘लुक आफ्टर हर’मध्ये मात्र ‘हर’ शेवटीच राहते. तेव्हा जोडी लिहिताना असे एक वाक्यही लिहून ठेवावे. आणि आपण ‘पोरगा कॉलेजातून पासआउट झाला’ म्हणतो ना, तिकडे इंग्लंडात ‘पास आउट’ म्हणजे बहुधा घेरी येऊन पडणे! ‘थ्रो अप’ म्हणजे उलटी होणे. दवाखान्यात हे दोन्ही कामी येतात.

दवाखान्याचे निघाले म्हणून आणखी सांगते. औषधाच्या चिठ्ठीवर ओडी, बीडी, टीडीएस अशी अक्षरे असतात. ती मला इंग्रजी वाटत. पण ती लॅटिन भाषेतून आली आहेत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. म्हणजे ज्यांच्यापुढे आपण बिचकतो, त्या इंग्रजी शिकलेल्यांनाही ही अक्षरे कोणीतरी सांगावीच लागतात. तरीही अंदाज करू नका. चिठ्ठी घेतानाच विचारा आणि शेजारी मराठीत लिहून घ्या.

आपल्या मंडळाच्या कपाटात रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आहे. ते १९१० साली निघाले. न्यायमूर्तींनी त्यांना घरी शिकवले, पुढे इंग्रजीही शिकवले. पण घरातल्या वडील बायकांना ते रुचले नाही, आणि त्या माउलीने फार बोलणी सोसली. मला कोणी बोलले नाही. सासूबाई तर रोज विचारतात, “आज काय शिकलीस?” मला अडवणारी मीच होते. इंग्रजी येत नाही यात लाज नाही. न समजता ‘हो’ म्हणण्यात मात्र धोका आहे. त्या एका ‘हो’ची किंमत मी त्या रात्री रिक्षात बसून मोजली आहे.

परवा सासूबाईंची तपासणी होती. कागदावर ‘फॉलो अप’ लिहिले होते. त्याचा अर्थ पुन्हा दाखवायला येणे, हे मला आता ठाऊक आहे. तरी मी विचारले, “डॉक्टर, कधी यायचे? आणि मीठ कमी म्हणजे नेमके किती?” मागे माणसे खोळंबलीच होती. डॉक्टरांनी पेन ठेवले आणि नीट सांगितले. साध्या निरोगी माणसालाही दिवसाला सगळे मिळून सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आतच मीठ पुरे. सासूबाईंना किती, ते त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिले. दोन मिनिटे लागली. तीन वर्षांपूर्वीही दोनच मिनिटे लागली असती.

शेवटी एक विनंती. दर गुरुवारी भजनानंतर आपण अर्धा तास बसतोच. त्या वेळी ज्या बाईला घरातला जो कागद कळला नसेल, तो तिने आणावा. शाळेचा, बँकेचा, औषधाचा, कोणताही. माझी वही मी आणीन. जे आपल्याला येणार नाही ते लेकीसुनांना विचारू, आणि त्यांनाही आले नाही तर ज्याने कागद दिला त्यालाच जाऊन विचारू. हसणारे दोन दिवस हसतील.