पलीकडून उत्तर आलं पाहिजे



अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार मानते आणि त्या विधीतून लगेच सुटते, कारण संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाआधी आपल्याला उठायचं आहे. हर्ण्यात भाषण लांबलं तर लोक सोसून घेतात, लिलाव लांबलेला कुणी सोसत नाही.

आरोग्यसेवेतलं डिजिटल तंत्रज्ञान हा विषय हर्ण्यात निघाला, हे मला बरं वाटलं. शहरातल्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: खेड्यातली माणसं तंत्रज्ञान स्वीकारत नाहीत. हे बोलणाऱ्याला एकदा खाली बंदरावर आणून उभं करावं. इथल्या होड्यांवर जीपीएस आहे, मासळीचा थवा दाखवणारा फिश फाइंडर आहे. हवामानाचा इशारा आला की तो तांडेलापासून खलाश्याच्या घरापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. या यंत्रांचं महत्त्व पटवायला इथं कुणी भिंती रंगवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. यंत्राला काही विचारलं की ते लगेच काहीतरी सांगतं. एवढं पुरेसं होतं.

रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळच्या किनाऱ्यावर याचा हिशेबच मांडला. तिथे 1997 ते 2001 या काळात टप्प्याटप्प्याने मोबाईल सेवा आली. त्याआधी एका बंदरावर तारलीला गिऱ्हाईक नसे आणि मासळी फेकून द्यावी लागे, तर थोड्याच अंतरावरच्या बंदरावर तीच तारली मिळत नसे. फोन आल्यावर होडीतूनच भाव विचारता येऊ लागला. फेकाफेक जवळपास थांबली, मच्छीमाराचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त पडली. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात कुठलं ॲप नव्हतं. साधा फोन होता, आणि तो उचलणारा माणूस पलीकडे होता.

आता आपल्या आरोग्यसेवेकडे वळू. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताईंनी सरकारने दिलेले मोबाईल सरकारला परत केले. फोन वारंवार बिघडत होते, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी येत होता आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी इंग्रजीत करायच्या होत्या. मराठीतून मुलांची वजनं लिहिण्यात हयात घालवलेल्या बाईला आपण अचानक अडाणी ठरवलं. पुढे 2023 च्या संपात ऑनलाइन कामांची सक्ती नको, असं आशा स्वयंसेविकांनीही सांगितलं. कुणी याला तंत्रज्ञानाला विरोध म्हणेल. मला तसं वाटत नाही. याच बायका रात्री व्हॉट्सॲपवरून बाळंतिणीच्या नवऱ्याला गाडी मिळवून देतात. त्यांच्या तक्रारीचं मूळ हे आहे की माहिती वर जाते आणि खाली काही येत नाही. वजन भरलं, उंची भरली, दंडाचा घेर भरला. या पोराचं आता काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. उलट आकडा भरायचा राहिला तर फोन येतो. पोर सुकत चाललंय म्हणून कुणाचा फोन येत नाही.

आज मला सांगायचं आहे ते हेच. आपण विकत घेतलेली बहुतेक डिजिटल आरोग्यसेवा खालून वर वाहते. तिला उलटं वाहायला लावलं पाहिजे.

ते होऊ शकतं, याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर दक्षिणेला आहे. मंगळूरचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मनाभ कामत यांनी गावोगावच्या दवाखान्यांना ईसीजीची यंत्रं मिळवून दिली आणि तिथल्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपच्या गटांत घेतलं. छातीत दुखतंय म्हणून माणूस आला की ईसीजी काढायचा, फोटो टाकायचा. हा झटका आहे की पित्त, हे तज्ज्ञ कळवतात. झटक्यात पहिला तास मोलाचा, हे आपल्याला पाठ आहे. पण तो तास गाडी शोधण्यात घालवायचा की रक्ताची गुठळी विरघळवण्यात, हे त्या एका उत्तराने ठरतं. यात नवं यंत्र कुठलंच नाही. नवी आहे ती रात्री दोन वाजता फोटो उघडून पाहण्याची शिस्त, आणि ती कुठल्याही निविदेत विकत मिळत नाही.

ई-संजीवनी ही सरकारी दूरसल्ला सेवा 2019 मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तिच्यावर 10 कोटी सल्ले झाले. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून वरच्या डॉक्टरशी बोलतो, ही कल्पना मला मनापासून आवडते. दापोलीची एक खेप वाचली की खलाश्याच्या बायकोचा एक दिवसाचा रोज वाचतो. पण सल्ला झाला की आपण मोजणं थांबवतो. लिहिलेली गोळी त्या उपकेंद्रात होती का? बाई आठवड्याने पुन्हा आली का? त्या 10 कोटींच्या शेजारी मला हा आकडा हवा आहे.

औषधांचंही तसंच. आपल्या राज्यात साठ्याची नोंद ई-औषधी या संगणकप्रणालीवर होते. कोकणात फुरसं चावलेला माणूस घेऊन रिक्षा निघते, तेव्हा शेजारी बसलेल्या आशाताईला एकच गोष्ट हवी असते: सर्पदंशाची लस आज, आत्ता, कुठल्या दवाखान्यात आहे. राज्याच्या साठ्यावर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेने या एका प्रश्नाचं उत्तर तिच्या फोनवर मराठीत द्यावं. बाकीचे रंगीत तक्ते नंतर बघू.

डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 1976 साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं मरत होती. ते रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसले, नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. त्या टिपणांतून हृदयावर काय ओढवतं ते उमगलं, पुढे प्राझोसिन या औषधाचा वापर सुरू झाला आणि 40 टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यावर आलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. हीसुद्धा माहितीच होती, तीही कागदावरची. पण ती लिहिणाराच तिचा पहिला वाचक होता. आज आशाताई जे भरते, ते तिला स्वतःला परत वाचता येतं का?

कागदाचा विषय निघाला म्हणून सांगते, वह्या फेकू नका. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली आणि मंडणगडात खांब आडवे झाले, टॉवर मुके झाले, कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. तो करोनाचा काळ होता. जे ॲप रेंज नसताना चालत नाही, ते कोकणासाठी बनवलेलंच नाही. ते घेताना पावसाळ्यात चालवून बघावं, मे महिन्यात विश्रामगृहात बसून नव्हे.

आणि समुद्र? दोन-चार दिवसांच्या फेरीवर गेलेल्या होडीत खलाश्याला घाम फुटून छातीत कळ आली, तर तांडेलाने कुणाला विचारायचं? 1935 साली रोममध्ये जहाजांना रेडिओवरून फुकट वैद्यकीय सल्ला देणारं केंद्र उभं राहिलं. त्याचे पहिले अध्यक्ष खुद्द मार्कोनी होते. ते आजही चालू आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला इस्रोचं तंत्रज्ञान वापरून 1 लाख होड्यांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना जाहीर झाली, त्यात किनाऱ्याशी दुतर्फा संदेशांची सोय आहे. मासळीचा थवा कळेल, वादळ कळेल. त्या संदेशांच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टर बसवायला किती खर्च येईल? तसा डॉक्टर बसवण्याचा ठराव आजच मांडावा, अशी माझी विनंती आहे.

डॉक्टरमंडळींना एक खाजगी गोष्ट चारचौघांत सांगते. रुग्णाचा अहवाल नाव न झाकता व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. पाजपंढरीत, हर्ण्यात, अंजर्ल्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. क्षयाची एक चिठ्ठी फिरली तर मुलीचं लग्न मोडतं, आणि ती बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

पुढचं सत्र आशाताई आणि अंगणवाडीताईंचं आहे. त्यांनी आपापले फोन आणले आहेत. प्रत्येक ॲप उघडून त्यात त्या काय भरतात आणि त्यातून त्यांना काय मिळतं, हे त्या पडद्यावर दाखवणार आहेत. जिल्ह्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी कृपया जेवणानंतर निघून जाऊ नये. पहिल्या दोन रांगा मोकळ्या करून ताईंना पुढे बसू द्या. डॉक्टर मागे बसतील, मीही तिथेच बसते.