मागच्या खोलीत नेट का येत नाही? माथेरानच्या एका घराची वायफाय दुरुस्ती

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय. बोलताना जे 'म्हणजे', 'तर' फार झाले ते कापलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. 'वायफाय चालत नाही, कुठला राऊटर घेऊ?' आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी हा प्रश्न येतो. माझं उत्तर एकच असतं: थांबा, आधी काही घेऊ नका. कारण 'वायफाय चालत नाही' या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. एक, घरापर्यंत इंटरनेटच नीट येत नाही. दोन, घरापर्यंत येतं, पण राऊटरपासून तुमच्या खोलीपर्यंत पोचत नाही. तीन, सगळं ठीक आहे, पण वीज लपंडाव खेळते आणि राऊटर सारखा बंद-चालू होतो. तिघांची औषधं वेगळी. नवा महागडा राऊटर यातल्या फक्त दुसऱ्या तक्रारीवर थोडाफार चालतो, आणि तोही नेहमी नाही.

उदाहरण देतो माझ्या मामाच्या घराचं. घर माथेरानला. जुनं, बैठं, जांभ्या दगडाच्या दीड फुटी भिंती, वर पत्रा. पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतात, मागे घरचे राहतात. माझी मामेबहीण मागच्या खोलीत बसून एका कंपनीचं कस्टमर सपोर्टचं काम करते. हे काम त्या घराला का महत्त्वाचं आहे ते सांगतो. पावसाळ्यात नेरळ ते माथेरान मिनी ट्रेन बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत पर्यटक तुरळक. त्या चार महिन्यांत घरात नियमित येणारा पैसा म्हणजे हिचा पगार. आणि नेमका जूनपासून हिचा कॉल तुटायला लागला. वरिष्ठांची तंबी आली. ती म्हणाली, "नेरळला खोली घेऊन राहते." मामाचं म्हणणं, "अरे, इथं पाऊस पडला की नेट मरतं, त्याला कोण काय करणार?"

आता माथेरानची अडचण तुम्हाला माहीत आहेच. २००३ साली हा डोंगर इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर झाला. आपली गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत, पुढे पायी, घोड्यावर किंवा मर्यादित ई-रिक्षाने. म्हणजे एखादी वस्तू चुकीची घेतली की ती परत खाली नेणं हाही एक उद्योग. आणि मुसळधार पावसात तंत्रज्ञ वर यायला दोन दिवस लागले तर त्याला दोष देता येत नाही. म्हणून बिघाड कुठे आहे हे आपल्याला स्वतःला कळलं पाहिजे. त्यासाठी फोन पुरतो.

तीन तपासण्या

पहिली: राऊटरपासून हातभर अंतरावर उभे राहा, मोबाईल डेटा बंद करा, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. सकाळी, दुपारी, रात्री, अशी तीनदा. इथे प्लॅनच्या जवळपास स्पीड मिळाला तर बाहेरची लाईन ठीक. इथेच कमी असेल तर घरात काहीही बदलून उपयोग नाही, कंपनीला कळवा. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर बहुधा केबल तुटली किंवा दबली आहे. झाडांवरून गेलेल्या वायरी, पडणाऱ्या फांद्या आणि माकडं, हे त्रिकूट डोंगरावर राहणाऱ्यांना नवीन नाही.

दुसरी: अडचणीच्या खोलीत जाऊन राऊटरलाच पिंग करा. पिंग म्हणजे फोनने राऊटरला "आहेस का?" विचारायचं आणि "आहे" हे उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं. त्यासाठी फुकट ॲप मिळतात, राऊटरचा पत्ता त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. उत्तर साधारण १०-२० मिलिसेकंदांत येत राहिलं तर छान. ते २००-३०० वर उड्या मारत असेल किंवा मध्येच गायब होत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. इथे इंटरनेटचा संबंधच नाही, कारण हा निरोप घराबाहेर गेलेलाच नाही.

तिसरी: सिग्नलचा आकडा बघा. फोनवरच्या काड्यांवर जाऊ नका. वायफाय ॲनालायझरसारख्या ॲपमध्ये तो उणे डीबीएममध्ये दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल निभावतो. उणे ७५ च्या खाली गेला की तुटातूट सुरू.

मामाकडे राऊटरजवळ स्पीड चोख होता, पाऊस कोसळत असतानासुद्धा. मागच्या खोलीत सिग्नल उणे ८०. म्हणजे पावसाने 'नेट मरत' नव्हतं. मग जूनमध्येच त्रास का सुरू झाला?

पाऊस निर्दोष, भिंत आणि पत्रा दोषी

घराच्या आतल्या दहा-पंधरा मीटर अंतरात बाहेरच्या पावसाचा वायफायवर जाणवण्यासारखा परिणाम होत नाही. पण पावसाळ्यात घरात तीन गोष्टी बदलतात.

एक, भिंती ओल धरतात. पाणी या लहरी शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो आणि अन्नातलं पाणी तापवतो. म्हणून कोरड्या दगडी भिंतीपेक्षा ओली भिंत सिग्नल जास्त खाते.

दोन, झड आत येऊ नये म्हणून मामाने मागच्या पडवीला आडवे पत्रे ठोकले होते. मे महिन्यात सिग्नल खिडकीतून पडवीत आणि पडवीतून मागच्या खोलीत जात होता. पत्र्याने ती वाटच बंद केली. धातूतून वायफाय आरपार जात नाही, आपटून परत फिरतं. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज यांचंही तेच.

तीन, वीज. दोन सेकंदांसाठी लाईट गेली तरी राऊटर पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. बहिणीच्या निम्म्या तक्रारी याच होत्या.

काय केलं

आधी फुकटचे उपाय. राऊटर पुढच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला होता. तो उचलून मधल्या खोलीच्या दाराजवळ, डोक्याच्या उंचीवर लावला. फायबरची वायर तेवढी लांब होती म्हणून जमलं. ती ओढू नका आणि काटकोनात वाकवू नका, आतली काच तुटते. अँटेना उभ्या ठेवल्या, कारण लहरी अँटेनाच्या टोकातून निघत नाहीत, तिच्या चहूबाजूंना आडव्या पसरतात. बैठ्या घरात तेच हवं. आणि एक लक्षात ठेवा: सिग्नल भिंतीतून तिरका गेला तर त्याला भिंत जास्त जाड लागते. ४५ अंशात दीड फुटाची भिंत दोन फुटांच्या वर होते. त्यामुळे राऊटर दाराच्या समोर येईल असं बघा.

मग चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतं, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शनिवार-रविवारी आजूबाजूची लॉजेस भरतात आणि सगळ्यांचे राऊटर एकदम बोलायला लागतात. ॲपमध्ये बघून तिघांतला कमी गर्दीचा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण दगडी भिंतीपुढे लवकर हात टेकतं.

एवढ्याने सिग्नल उणे ८० वरून उणे ७२ झाला. सुधारणा आहे, पण आठ तासांच्या कॉलच्या कामाला पुरेशी नाही.

इथे बहुतेक जण रिपीटर घेतात. रिपीटर आलेलाच सिग्नल पुढे ओरडून सांगतो. साधा रिपीटर ऐकणं आणि सांगणं एकाच चॅनेलवर करतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. शिवाय तो मृत खोलीत ठेवला तर त्यालाच काही ऐकू येत नाही, तो अर्ध्या वाटेवर ठेवावा लागतो. मेशचे डबे बिनतारी जोडले तर त्यांच्याही मध्ये तीच दगडी भिंत. मंडळी, जाड भिंतीला उत्तर वायरच.

आम्ही २५ मीटर कॅट ६ केबल घेतली. शंभर मीटरपर्यंत ती बिनधास्त चालते. घेताना अस्सल तांब्याची आहे ना विचारा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मिळते, ती टाळा. केबल पाइपात घालून, विजेच्या वायरीपासून वीतभर लांब, छताखालून नेली. भिंत फोडली नाही, खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं. आणि मागच्या खोलीत नवीन काही न घेता घरात पडलेला जुना राऊटर लावला.

जुना राऊटर वापरायची कृती अशी. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो चालू करा, काम झालं. नसेल तर त्याचा पत्ता बदला, म्हणजे मुख्य राऊटरशी टक्कर होणार नाही. डीएचसीपी बंद करा, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकटा मुख्य राऊटर करेल. केबल वॅनच्या नाही, लॅनच्या भोकात घाला. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे, चॅनेल मात्र वेगळे. फोन जुन्याच राऊटरला चिकटून राहिला तर वायफाय एकदा बंद-चालू करा.

शेवटी वीज. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. आम्ही दोन घेतले, कारण पुढचा डबा जिवंत आणि मागचा मेलेला असं झालं तर उपयोग शून्य. घरी इन्व्हर्टर असेल तरी तपासा, काही इन्व्हर्टर बदलताना क्षणभर वीज तोडतात आणि राऊटर तेवढ्यात बसतो.

आणि एक सावधगिरी. दोन वेगळ्या इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका, विजा चमकतात तेव्हा ती धोका घरात आणते. तिथे फायबर टाकायला सांगा, काचेतून वीज वाहत नाही. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा.

आता मागच्या खोलीत सिग्नल उणे ४५ असतो. जुलै-ऑगस्ट बहिणीने घरी बसूनच काढले. सगळा खर्च नेरळच्या खोलीच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी आला. भाडं वाचलं हे आहेच, पण पावसाळ्यात मामा-मामी वर एकटे राहिले नाहीत, हे मला जास्त मोठं वाटतं. डोंगरावरच्या गावातून मुलं शिकायला, कामाला खाली जातात. सगळ्यांना वर थांबायचं नसतं, पण ज्याला थांबायचंय त्याला एका भिंतीपायी उतरावं लागू नये.

तर तुमचं काम. आज रात्री एका कागदावर घराचा साधा नकाशा काढा. राऊटर कुठे, जाड भिंती कुठे, पत्रा-कपाट कुठे. प्रत्येक खोलीत सिग्नलचा आकडा आणि पिंग लिहा. त्या कागदाचा फोटो पाठवा, मग काय घ्यायचं ते बोलू. कदाचित काहीच घ्यावं लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!