रविवार कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मला रविवारच्या जेवणाबद्दल बोलायचं आहे. विषय किरकोळ वाटेल. पण ही सुट्टी आपसूक मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती मागून घेतली. 24 एप्रिल 1890 रोजी दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये सुट्टी मंजूर झाली. म्हणजे रविवार बायांनीही मागितला होता. तो त्यांच्या वाट्याला किती आला, हे स्वयंपाकघरात पाहावं लागतं.

मासिकांत ‘रविवारचा खास बेत’ येतो. असा एक बेत मी घरी केला: टोमॅटोचं सूप, कॉर्न कटलेट, नवरत्न कुर्मा, पुलाव, कोशिंबीर आणि फ्रूट कस्टर्ड. करताना प्रत्येक काम वहीत टिपत गेले. पुलावाच्या साहित्यात पहिलीच ओळ होती, ‘मोकळा शिजवलेला भात’. कटलेटसाठी ‘उकडून कुस्करलेले बटाटे’. कुर्म्याला ‘भिजवून वाटलेले काजू’. शिजवलेला, उकडलेले, सोललेले, चिरलेली! हे सगळं कोणी केलं? कृती सुरू होण्याआधीच कोणीतरी राबलेलं असतं आणि छापील वेळेत ते धरलेलंच नसतं. बाजार, भाजी निवडणं, कस्टर्ड गार व्हावं म्हणून ते शनिवारी रात्रीच करून ठेवणं, गरम पोळ्या वाढणं, शेवटी ओटा आणि भांडी, यांतलं काहीही कृतीत नव्हतं. आणि उद्या काय करायचं, कोणाला काय चालत नाही, हा विचार तर कोणत्याच यादीत बसत नाही.

ही एकट्या घरची गोष्ट नाही. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी 81 जणी घरचं बिनपगारी काम करत होत्या. पुरुष होते शंभरात 26. काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची 97.

यावर कोणी म्हणेल, नवे पदार्थ करणं ही बायकांची हौसच असते. असतेही! नवा पदार्थ जमला की आनंद होतो, तो मी नाकारत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने कितीतरी नवशिक्या हातांना धीर दिला. पण हौस तेव्हाच म्हणायची, जेव्हा ‘आज नाही करणार’ असं म्हणता येतं. नवऱ्याने महिन्यातून एकदा पुलाव केला की कौतुक होतं, आणि मागचा पसारा बाईच आवरते. ती रोज करते, ते मात्र कर्तव्य! ज्या घरी स्वयंपाकाच्या बाई येतात, तिथे तर त्यांच्या सुट्टीचा प्रश्नही आपलाच आहे.

म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक करून बघा. मासिकातली एक कृती घ्या. तिच्यात न लिहिलेली सगळी कामं फळ्यावर लिहा. प्रत्येकापुढे ते करणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहा. मग तो कागद घरी न्या, जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचा आणि कामं वाटून घ्या. वाद होईल, चेष्टाही होईल. होऊ दे. लोखंड्यांच्या कामगारांनाही सुट्टी पहिल्या अर्जात मिळाली नव्हती.