अब्बांच्या छातीतली धूळ कोण मोजतंय?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे फुप्फुसापेक्षा आकड्यांवर जास्त बोलेन.

आपण ऊर्जानगरात बसलोय. शेजारच्या वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. पूर्ण भाराने चाललं तर दिवसाला चाळीस हजार टनांहून अधिक कोळसा लागतो, आणि आपल्याकडच्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा राखच असते. म्हणजे रोज तेरा-चौदा हजार टन राख. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या यादीत चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथं होतं. प्रदूषणात, हे सांगायला नको.

आता मोबाइल काढा. हवेचा जो आकडा दिसतो, तो शहरात कुठेतरी उभ्या असलेल्या यंत्राचा, तोही चोवीस तासांची सरासरी. समजा तो 60 आहे. भारतीय मर्यादेत बसतो, सगळं ठीक. पण एक कामगार दोन तास राखेच्या हॉपरखाली साफसफाई करतो आणि तिथे, समजा, 3000 आहे. उरलेले बावीस तास तो तुमच्याआमच्यासारखाच 60 मध्ये. त्याची स्वतःची सरासरी काढा: 305. शहराचा आकडा खोटा नाही, तो फक्त या माणसाचा नाही. क्रशर, बेल्ट, बंकर, राखेचे बल्कर भरण्याची जागा, ओव्हरहॉलच्या वेळी बॉयलरचं पोट, तिथला आकडा तुमच्या ॲपवर कधीच येत नाही.

2022 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला मारलं, सगळीकडे बातमी झाली. धूळ वीस वर्षं घेते, तिची बातमी होत नाही.

आणि वीस वर्षांत ठेकेदार बदलतात. खरी गोम इथे आहे. दगडाकोळशाच्या बारीक धुळीतल्या स्फटिक सिलिकामुळे सिलिकोसिस होतो, पण तो बहुधा दहा-वीस वर्षांनी दिसतो. एक्स-रेवर तो टीबीसारखा वाटू शकतो, शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबीही लवकर गाठतो. कुठे, कोणतं काम, किती वर्षं केलं हे विचारल्याशिवाय डॉक्टरला फरक कळणं अवघड. सिलिकोसिस 1948 च्या कारखाने कायद्यापासून सरकारला कळवण्याचा आजार आहे, 2020 च्या नव्या संहितेतही आहे. पण कागदावर 'दमा' लिहिलं की भरपाईचा रस्ताच बंद.

म्हणून तुम्ही पोरांनी एक काम करा. घरातल्या माणसाचा पीएफचा यूएएन घ्या, सर्व्हिस हिस्ट्री उघडा. मी एका चाचांची उघडून दिली, तर अकरा वर्षांत पाच ठेकेदार निघाले. दोघांची नावं तेही विसरले होते. त्यापुढे चाचांना विचारून लिहिलं: बेल्टवर होतो, मग राखेवर, मास्क मिळाला की रुमालच. जुने गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं कार्ड यांचे फोटो काढून ठेवा. जुना एक्स-रे तर अजिबात टाकू नका. नव्याशेजारी ठेवायला तोच लागतो.

रुमालाचं म्हणाल तर ओला असो की कोरडा, बारीक धूळ त्यातून आरपार जाते. एन-95 चालतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीवर तो बसत नाही, कडेने हवा आत येते. आपल्याकडे हे कुणी बोलत नाही. दाढी राखणाऱ्यांसाठी पंख्यावर चालणारा, डोक्यावरून घालायचा सैल हूड असतो. महाग आहे, पण तो मालकाने द्यायचा, तुमच्या चाचांनी विकत घ्यायचा नाही. आणि मास्कच्या आधी पाण्याचे फवारे आणि झाकलेले बेल्ट मागा. तोंड बांधण्यापेक्षा धूळ बांधणं सोपं.

तपासणीला जाताना श्वास फुंकून घेण्याची चाचणी, स्पायरोमेट्री, मागून घ्या. नुसत्या एक्स-रेवर परत येऊ नका, आणि तो लिहिलेला कागद खिशात ठेवू नका, डॉक्टरच्या टेबलावर ठेवा.